पडद्यावरची खुशाली

आमचे मालक सिनेमात कामे करीत. हे मी आपण होऊन कोणाला सांगत नाही. सांगितले की लोक विचारतात, कोणत्या सिनेमात? मग सांगावे लागते की पुष्कळ सिनेमांत. राजाच्या मागे भाला धरून उभा असतो तो, किंवा नायकाला मारायला पाच जण धावतात त्यातला चौथा. लोक हसतात आणि मला पुढे बोलता येत नाही. म्हणून लिहून ठेवते. लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही.

माझे लग्न झाले तेव्हा मला चौथी पास होऊन दोन वर्षे झाली होती. सासर वैनगंगेच्या काठाला, मार्कंड्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सासरे नव्हते. घरात सासू, मालक आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरे होती, तेवढ्यात तिघांचे भागत होते.

मालक उंच होते, खांद्याने रुंद. तोंडावर देवीचे व्रण. आवाज एवढा मोठा की बांधीच्या एका टोकावरून हाक दिली तर दुसऱ्या टोकाचा बैल थांबायचा. आमच्याकडे धान घरात आले की गावोगावी दंडार होते. गावचेच गडी नाचतात, गातात, सोंगे काढतात. राक्षसाचे सोंग दर वर्षी त्यांच्याकडे असायचे. मी ते एकदाच पाहिले, बायकांच्या मागे बसून. पुढे बसलेली मुले रडत आईच्या पदरात शिरली. घरी आल्यावर त्यांनी तोंडाचे काजळ धुतले आणि मला विचारले, "भ्याली का वो?" मी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. लग्नाला वर्ष होत आले तरी मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. लाज वाटायची. पुढे बोलू, आयुष्य पडले आहे, असे वाटायचे.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावी शंकरपट होता. बैलांच्या शर्यती झाल्या की तिथे नाटक असे. बाहेरून एक नाटक मंडळी आली होती आणि त्यांच्या राक्षसाला ताप भरला होता. कोणीतरी आमच्या मालकांचे नाव सांगितले. ते उभे राहिले आणि मंडळीला एवढे पसंत पडले की ती त्यांना पुढच्या मुक्कामालाही घेऊन गेली. "पंधरा दिवसात येतो," असे आत्याबाईंना सांगून ते नदी ओलांडून मूल गावी गेले आणि तिथून रेल्वेने. मी दाराआड उभी होते. त्या मंडळीबरोबर ते फिरत राहिले आणि वर्षाच्या आत मुंबईला सिनेमात गेले. घरी परत आले नाहीत.

कार्डे मात्र यायची. दीड-दोन महिन्यांनी एक. आत्याबाईंना वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवत असे. "आईस दंडवत. या महिन्यात दोनदा राक्षस, एकदा पहारेकरी, एकदा दरोडेखोर. राक्षसाची शिंगे जड असतात, मान धरते. पहारेकरी बरा, नुसते उभे राहायचे असते. घरी सर्वांस नमस्कार सांगावा." माझे नाव कधी नसायचे. आत्याबाई म्हणायच्या, "सर्वांस म्हणजे तुलेच. दुसरं कोन हाये घरात, बैल?"

कार्डावरून त्यांचे काम समजायचे. कधी जादूच्या सिनेमात गुहेचा राखणदार, कधी पुराणाच्या सिनेमात यमदूत, कधी तलवारीच्या सिनेमात दुष्ट प्रधानाचा हस्तक. एकदा लिहिले होते, "या खेपेस मेलो नाही. बांधून ठेवले." त्या दिवशी आत्याबाईंनी गोड केले.

मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते. चांद्याचे एक मुसलमान गृहस्थ तिथे दर वर्षी सिनेमाचा तंबू लावत. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. सगळे त्यांना चाचा म्हणत. तंबूत मध्ये दोरी, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, खाली रेती. यंत्र एकच होते, म्हणून रीळ संपले की अंधार व्हायचा आणि दुसरे चढेपर्यंत लोक एकमेकांना हाका मारत बसायचे. जत्रा आठ-दहा दिवस चाले. आम्ही दोघी गावच्या गाड्यांबरोबर जायचो, नदीकाठी झाडाखाली उतरायचो, सकाळी नदीत अंघोळ आणि महादेवाचे दर्शन, आणि दिवेलागणीला तंबूत पहिला खेळ. आठ दिवसांत चार-पाच सिनेमे व्हायचे. त्यातल्या दोन-तीनात तरी ते असायचेच.

ओळखायला वेळ लागे. दाढी लावलेली असायची, तोंड काळे केलेले असायचे. पण ते डावखुरे होते. सगळ्या पहारेकऱ्यांचे भाले उजव्या हातात आणि एकाचा डाव्या हातात दिसला की आत्याबाई माझ्या मांडीवर चापट मारायच्या. "तो पाय. तो आपला." सुरुवातीला नावांची पाटी यायची ती वाचायचे काम माझे. मी जीव डोळ्यांत आणून वाचत असे. काही पाट्या इंग्रजीत असत, त्या मला येत नसत. ज्या येत त्यात त्यांचे नाव कधी दिसले नाही.

"आलं का?"

"पाटी लवकर गेली, आत्याबाई."

गावच्या बाया चेष्टा करायच्या. दुसऱ्या दिवशी नदीवर कोणीतरी म्हणायचे, "तुया मालक काल मेला वो बाई."

"कितीक डाव?"

"एकच डाव. पण दूर जाऊन पडला. पोटात तलवार अन् पाय पाण्यात."

"उद्या जिता होते. उद्याच्या खेळात घोड्यावर हाये म्हनते."

मीही हसायचे. हसले नाही तर त्या अजून बोलायच्या. खरे म्हणजे ते मरायला लागले की मी डोळे मिटून घेत असे, त्यामुळे त्यांचे मरण मी बऱ्याचदा ऐकलेच आहे, पाहिलेले नाही.

अशी नऊ-दहा वर्षे गेली. मग कार्डे बंद झाली. आधी वाटले टपालाची चूक असेल. शेवटच्या पत्त्यावर मी दोन कार्डे टाकली. एक परत आले. दुसऱ्याचे काहीच झाले नाही. दीड वर्ष असे गेल्यावर जत्रा आली, आणि आम्ही दोघी सिनेमा बघायला नाही तर त्यांची खबर घ्यायला गेलो.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशीच्या खेळात ते नावाडी होते. दाढी नव्हती, शिंगे नव्हती, उघडे तोंड. एक राजपुत्र वेष बदलून नदीवर येतो आणि हा नावाडी त्याला पलीकडे नेतो. चार वाक्ये बोलायला होती. एवढे बोलताना मी त्यांना घरीसुद्धा ऐकले नव्हते. पण ते वाळले होते. गाल आत गेले होते. नावेपर्यंत चालले ते डावा पाय ओढत, आणि बसलेले उठले ते गुडघ्यावर हात ठेवून. वरचा पुढचा एक दात नव्हता. आत्याबाईंनी माझे मनगट धरले ते खेळ संपेपर्यंत सोडले नाही.

बाहेर आल्यावर गावचा एक म्हातारा म्हणाला, "ते सोंग असन बाई. दाताले काळं लावते."

आत्याबाई म्हणाल्या, "काळं लावल्यानं बोलताना वारा जाते का गा? मी मायच हावो न त्याची. बोलताना फसफस आवाज येऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी महादेवाला नवस बोलला. लेकाचा पाय बरा होऊ दे, चांदीचा पाय वाहीन.

त्याच जत्रेत माझा भाऊ आला होता. तो मूलकडे राहायचा. आम्ही उतरलो होतो तिथे येऊन तो आत्याबाईंसमोरच बोलला. आमच्या जातीत नवरा नाहीसा झाला तर बाईला पाट लावता येतो, म्हणजे दुसरे घर करता येते. फक्त सासरच्या माणसाने पंचांसमोर गवताची काडी मोडून तिला मोकळे करावे लागते.

"बाई, दीड वर्ष झालं कारड नाई. तू कोनाची वाट पाहून राह्यली?"

"काल पाह्यलं ना भाऊ त्यायले."

"काल तू पडदा पाह्यला." मग जरा हळू बोलला, "आमच्या गावचा एक मानूस हाये, चांगला. बायको गेली त्याची. पोरगी तर तू पाह्यली हाये."

पोरगी मी दिवाळीला भावाकडे गेले तेव्हा पाहिली होती. चार वर्षांची. केसांच्या जटा झाल्या होत्या. मी तिला पुढ्यात घेऊन तेल लावून जटा सोडवत बसले होते, अर्धा दिवस गेला. सोडवता सोडवता ती माझ्या मांडीवर मान टाकून झोपली. मी तशीच बसून राहिले होते, पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत.

आत्याबाई चुलीत काटक्या सारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लेक आजारी हाये माया. आजारी मानसाची बायको नेते का कोनी?"

भाऊ म्हणाला, "मंग एक जत्रा थांबतो. त्यालेही थांब म्हनतो. पुढच्या जत्रेले सांगा, हो का नाई."

ते वर्ष मी कसे काढले ते मला अजून नीट आठवते. धान पेरताना, रोवताना, कापताना मनात दोनच गोष्टी असायच्या, एक तो ओढत चाललेला पाय आणि एक ती जटांची पोरगी. जुन्या लुगड्याचा काठ होता, त्याचे मी एक झबले शिवले आणि पेटीच्या तळाशी ठेवले. आत्याबाईंना दाखवले नाही. एका मनाला वाटायचे ते बरे असावेत आणि घरी यावेत. दुसरे मन काय म्हणायचे ते मी इथेही लिहीत नाही.

पुढच्या जत्रेला चार खेळ झाले, चारांतही ते नव्हते. भाऊ येऊन थांबला होता. त्याने गाडीत जास्तीची गादी टाकून आणली होती, हे मी पाहिले. पाचव्या दिवशी तलवारीचा सिनेमा होता. मध्यावर किल्ल्याच्या भिंतीवरून पाच-सहा माणसे उड्या मारतात. तिसरा माणूस डाव्या हातात तलवार घेऊन उडी मारतो, खाली येतो, उठतो, धावत जाऊन घोड्यावर चढतो आणि मागे वळून हसतो. तेच होते. अंग भरलेले, पाय सरळ, हसताना सगळे दात.

आत्याबाई उभ्याच राहिल्या. मागच्या बाया ओरडल्या, "बसा ना वो." त्या बसल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "महादेवानं ऐकलं."

मी म्हटले, "दात?"

"मुंबईले दात बसवून देते लोकं. मी ऐकलं हाये."

मी मान हलवली. मी चौथी शिकले होते, पण मुंबईत काय होते आणि काय होत नाही ते मला कुठे माहीत होते. एक वर्षात माणूस बरा होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चांदीचा पाय वाहिला. मंदिरातून येताना आत्याबाई माझ्यापुढे भराभर चालत होत्या, मला गाठता येत नव्हते.

भावाने विचारले तेव्हा मी खाली रेतीकडे पाहून सांगितले, "ते बरे हायेत भाऊ. मी नाई येत."

तो म्हणाला, "पडद्यावरच्या मानसाले ताप येते का? त्याले तुई सय येते का? तू त्याले पायते, तो तुले पायते का कधी?"

"येतील ते."

"बरं," तो म्हणाला आणि बैल जुंपले. गादीची गुंडाळी करून त्याने पायाशी टाकली, तेवढे पाहून मी तोंड फिरवले.

ते बरे आहेत तर त्यांना कार्ड टाकावे असे मला त्या दिवशी वाटले. रागावून नाही, साधे, की तुमचा पाय बरा झाला हे पाहिले, आता एकदा येऊन जावे. कार्ड मी लिहिले. वर त्यांचे नाव लिहिले. पुढे पत्ता नव्हता. पत्ता सिनेमावाल्यालाच माहीत असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी तंबूकडे गेले. परक्या माणसाशी मी त्याआधी एकटीने कधी बोलले नव्हते. चाचा तंबूमागे बाजेवर बसून तुटलेल्या रिळाचे तुकडे चिकटवत होते. मी पदर पुढे ओढून लांब उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारले, "क्या है बेटी? बोल."

"परवाच्या खेळात भिंतीवरून उडी मारते तो... डाव्या हाताचा. त्याचा पत्ता पायजे होता."

"वो लंबा, मुँह पे चेचक के दागवाला?" ते हसले. "बडा मेहनती आदमी. हर दूसरी फिलम में मरता है. पत्ता मेरे पास कहाँ से आएगा बेटी? वो कंपनी तो कब की बंद हो गई."

"परवाच तर पाह्यला."

"फिलम परसों देखी. बनी कब? ये तो पुरानी चीज है. पिछले साल नाववाली दिखाई थी न, वो नई थी. ये उसके सात-आठ साल पहले की." मी तशीच उभी आहे हे पाहून त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "देख, अमरावतीचे फिलम भाड्याने देणारे जी पेटी देतात ती मी आणतो. किसी साल नई मिलती है, किसी साल पुरानी."

मला समजायला वेळ लागला. भिंतीवरून उडी मारणारा आधीचा होता. नाववाला नंतरचा. दात आधी होता, मग गेला. पाय आधी सरळ होता, मग मोडला. आणि त्याच्या पुढचे आम्ही काहीच पाहिलेले नव्हते.

"कौन लगता है तेरा?"

"गावचा हाये," मी म्हटले.

"नाम बता. अमरावतीत विचारतो कोणाला."

नवऱ्याचे नाव मी घ्यायचे कसे? तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. ते म्हणाले, "नाम नहीं मालूम?" मग मी हातातले कार्ड पुढे केले. त्यांनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता सदऱ्याच्या खिशात ठेवले.

आम्ही उतरलो होतो तिथे आत्याबाई तांदळाची भाकर थापत होत्या. मी समोर बसले आणि चाचांनी सांगितले ते सांगितले. त्यांचा हात थांबला नाही. भाकर तव्यावर टाकून, पाणी फिरवून झाल्यावर म्हणाल्या, "दात एकदा पडला का मंग येत नाई. हे मले समजत नाई का?"

"मंग काऊन म्हटलं, दात बसवते म्हनून?"

त्यांनी भाकर उलटली. "तुया भाऊ गाडीत गादी टाकून आला होता."

मी चुलीत एक काटकी सारली.

"मी एकटी त्या घरात काय करू वो?" त्या म्हणाल्या. "सांग मले."

मला तेव्हा राग आला की नाही ते सांगता येत नाही. आपण फसलो असे वाटले, पण त्यांनी फसवले असेही पुरते म्हणता येईना, कारण दाताचे मी स्वतःच विचारले होते आणि स्वतःच मान हलवली होती. गावी परत निघालो तेव्हा मी गाडीत बसले नाही. गाडीमागून चालत आले, अर्ध्या दिवसाची वाट. आत्याबाई गाडीत पाठमोऱ्या बसायचे सोडून माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. दोन-तीनदा म्हणाल्या, "बस ना वर." मग म्हणायचे सोडले.

घरी चार दिवस आम्ही कामापुरते बोललो. पाचव्या दिवशी गावात एक कासार बांगड्या विकायला आला, तो पुढे मूलकडे जाणार होता. आत्याबाईंनी बांगड्या घेतल्या नाहीत. त्याला सांगितले, "हिच्या भावाले सांगजो, पंच बसवतो म्हना. मी काडी मोडून देतो." मी आत धान कांडत होते. मुसळ तसेच हातात राहिले.

आठ दिवसांनी भाऊ आला. हातपाय धुऊन बसला आणि म्हणाला, "उशीर झाला बाई. जत्रेवरून गेलो तसं मी त्याले, ते नाई येत, असं सांगतलं. त्यानं दुसरीकडे हो म्हटलं. मागच्या सोमवारी पाट लागला."

मी पाण्याचा तांब्या उचलून आत नेला.

बाहेर आत्याबाई म्हणत होत्या, "तरी काडी मोडाची."

"आता कशाले?"

"मी आज जिती हाये. मी मेल्यावर हिले कोन मोकळी करन? चुलत दीर करतीन?"

पंच चावडीसमोर बसले. आत्याबाईंनी घरून धानाच्या तणसाची एक काडी आणली होती. पंचांतल्या म्हाताऱ्याने विचारले, "लेकाच्या वतीनं मोडून राह्यली का बाई?"

"हो."

"लेक जिता हाये का?"

आत्याबाई म्हणाल्या, "मले मालूम नाई." इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या. मग काडी मोडली. ती ओलसर होती, चटकन तुटली नाही, दोनदा पिळावी लागली.

भाऊ मला घेऊन गेला. त्याच्याकडे मी चार महिने राहिले. घर लहान, माणसे पुष्कळ, वहिनी बोलायची नाही पण भांडी आपटायची. एका बाजाराच्या दिवशी ती पोरगी दिसली. केसांच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या, लाल फिती लावून. नवी आई तिचे नाक पदराने पुसत होती. पोरीने माझ्याकडे पाहिले, ओळखले नाही. मला बरे वाटले आणि मी बाजार न करताच घरी आले. झबले वहिनीच्या मुलीला दिले, तिला ते दंडात घट्ट झाले.

रोवण्याचे दिवस आले तशी मी सासरच्या गावी परत गेले. सासरचे म्हणायचे ते सवयीने. काडी मोडल्यावर मी त्या घरची कोणी नव्हते. बांधीत आत्याबाई दोन मजूर बायांबरोबर चिखलात वाकल्या होत्या. मी लुगडे खोचून त्यांच्या बाजूच्या ओळीत उतरले. त्यांनी हातातल्या रोपांच्या पेंढीतली अर्धी पेंढी मला दिली. गावातल्या बायांना काही दिवस मला काय म्हणावे ते कळेना. सूनही नाही, लेकही नाही. गळ्यात काही नव्हते. मग त्यांनी नुसते बाई म्हणायला सुरुवात केली. मी मात्र आत्याबाईच म्हणत राहिले, दुसरा शब्द सापडला नाही.

शिवरात्र आली तेव्हा आत्याबाईंनी विचारले, "येतं का?" मी गेले.

चाचांनी मला लांबून ओळखले आणि माझे कार्ड परत दिले. अमरावतीला त्यांनी दोन-चार जणांना विचारले होते. "ऐसे लोगों के नाम कोई नहीं रखता बेटी. तिथे त्याला कोणी राक्षस म्हणे, कोणी पहिलवान. आजकल दिखता नहीं, इतना ही बोले." मी कार्ड घेतले. रडू येईल असे वाटले होते, आले नाही.

त्या संध्याकाळी ते वाड्याच्या दारावरचे पहारेकरी होते. ही फिल्म कोणत्या सालची, नावाड्याच्या आधीची की नंतरची, हे मी पाहायला गेले नाही. पाय पाहिला नाही, दात पाहिले नाहीत. त्यांची खबर मला घ्यायची नव्हती, मी त्या माणसाची कोणी नव्हते. म्हणून मी पहिल्यांदा त्यांचे काम पाहिले.

नायक तलवार घेऊन दारावर येतो. तो नायक गोरा, नाजूक, आणि त्याला तलवार धरता येत नव्हती, मनगट लुळे पडत होते. आमचे मालक त्याच्याहून हातभर उंच. त्यांनी काय केले, तर आधी त्याच्याकडे असे पाहिले की समोर कोणी मोठा योद्धा उभा आहे असे आम्हालाही वाटावे. एक पाऊल मागे घेतले. भाला जरा खाली आणला. आणि नायकाची तलवार आली ती भलतीकडेच चालली होती, तर यांनी आपणच मान तिकडे नेली. अगदी थोडी. ज्याला माहीत नाही त्याला दिसणार नाही. मग पडताना तोंड पलीकडे केले, म्हणजे नायकाचे तोंड सगळ्यांना दिसावे. तंबूत टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. सगळ्या त्या नायकाला. मी या खेपेला डोळे मिटले नव्हते.

एवढे त्यांना येत होते, आणि मी इतकी वर्षे त्यांचे गाल किती आत गेले ते मोजत होते.

आत्याबाई म्हणाल्या, "बरा दिसते का तब्येतीनं?"

मी म्हटले, "काम चांगलं केलं, आत्याबाई."

"काय केलं? मेला ना नुसता."

"चांगला मेला."

त्यांना पटले नसावे. दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा होता. आत्याबाईंचे गुडघे दुखत होते, त्या चुलीपाशी थांबल्या. मी एकटीच गेले, बायांच्या बाजूला पुढे जागा धरून बसले आणि त्यांची पाळी येण्याची वाट पाहू लागले.